राजाच्या डाव्या हाताला

अर्डव्हेग, संत मायकेलच्या सणाचा दुसरा दिवस

एवन,

पाद्री कॉर्मक लेखणी घेऊन बसलाय आणि हट्टाला पेटलाय, की सुरुवात 'ईश्वरकृपेने स्कॉट लोकांचे राजे' अशीच झाली पाहिजे. मी त्याला म्हटलं, ज्याला मी अंगावर पाजलं, ज्याचं नाक माझ्या शालीच्या टोकाने पुसलं, त्याला मी एवनच म्हणणार. राजा तो तिकडे स्कूनला. इथे तो माझा दूधलेक आहे.

तुझा निरोप्या काल पोचला. तुझी सगळीच माणसं हल्ली समुद्रापलीकडची असतात, हाही तसलाच. आपली भाषा त्याच्या तोंडात गरम घासासारखी फिरत होती. जवाची भाकरी पुढे ठेवली तर उलटसुलट करून बघत बसला, जणू मी त्याला चुलीतलं ढेकूळ दिलं होतं.

पत्र कॉर्मकने वाचून दाखवलं. नदीच्या उतारावर तुझा दूधभाऊ रुअरी तुझ्याशी लढला, हरला आणि पळाला. पळालेला माणूस वाढल्या घरीच येतो, तेव्हा तो माझ्या दारात आला की अडकवून ठेवायचा आणि तुला कळवायचं. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं तू लिहिलंयस.

त्याच्या काकाला, फेरहरलाही तू हेच सांगितलं होतंस. वसंतात मी मठात जाऊन त्याला भेटून आले. अंगणात बाकावर बसला होता. माझा आवाज ऐकून म्हणाला, "कोण, मुरीन? सावलीत उभी आहेस की उन्हात? उन्हात असशील तर तिथेच थांब, मला तेवढं लख्ख वाटतं." तुझ्या माणसांनी तापल्या लोखंडाने त्याचे डोळे काढले. व्यंग असलेला माणूस आपल्याकडे गादीच्या शिळेवर बसू शकत नाही, म्हणून काढले. मारला नाही. तुझं वचन अगदी शब्दाला शब्द पाळलंस.

तुझ्या आणि रुअरीच्या आजोबांनी, सख्ख्या भावांनी, ठरवलं होतं की गादी एकदा या घरात, एकदा त्या घरात, जो लायक निघेल त्याला. आणि दोन्ही घरांतल्या पोरांनी एकमेकांचे गळे कापू नयेत म्हणून दोघांना एकाच चुलीपाशी वाढवायला दिलं. ती चूल माझी. तू आलास तेव्हा तुला दात यायचे होते आणि माझं स्वतःचं लेकरू नुकतंच मातीत गेलं होतं. रुअरी नंतर आला, चालता-बोलता. तुझ्यानंतरचा राजा म्हणून तो सगळ्यांसमोर नेमलेला होता. आता तुला मुलगा झाला आणि बापामागून मुलगा ही परदेशी रीत तुला गोड वाटायला लागली. रुअरीला तू गप घरी बस म्हणालास. तो बसला नाही. त्याने तलवार उपसली हे मला आवडलेलं नाही, तेही लिही रे कॉर्मक.

रुअरी इथे आलेला नाही.

बाकी खुशाली. गेल्या वादळात मोठ्या दालनाची पश्चिमेची भिंत कोसळली, तुझ्या जागेजवळची. दगड रचून घेतेय. गुरं ठीक आहेत. तू इतक्या वर्षांत एकदाही फिरकला नाहीस, ते मी मनात धरलेलं आहे.

मुरीन

(मुरीनबाईंनी जसं सांगितलं तसं उतरवलं आहे. मजकुराच्या खरेपणाबद्दल मला कुणी विचारू नये. — कॉर्मक)


अर्डव्हेग, संत लूकचा सण

एवन,

हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून जाळ. तुला अक्षरओळख कॉर्मकनेच करून दिलीय, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तोंडून वाचून घ्यायची गरज नाही. हे पोचवायला तोच येतोय. आज लिहायला बसण्याआधी मी त्याच्यापुढे गुडघे टेकून कबुलीजबाब दिला आणि त्यातच सगळं सांगून टाकलं. कबुलीत ऐकलेलं पाद्र्याला बाहेर सांगता येत नाही, आता त्याने तोंड उघडलं तर त्याचा देव बघून घेईल.

(बाईंनी मला फसवलं आहे. मला वाटलं, त्या आजारी आहेत. — कॉर्मक)

आधी तुझ्या त्या परदेशी सरदाराचं, गिल्बेरचं ऐक. तो माणसं आणि कुत्री घेऊन आला. त्याने गोठा, धान्य वाळवायची भट्टी, होड्यांची छपरी, माझं अंथरूण, सगळं उपसलं. रुअरीला त्याने जन्मात पाहिलेलं नाही, म्हणून माझ्या स्वयंपाकिणीला विचारतो, "तो दिसतो कसा?" ती म्हणाली, "उंच, तांबडे केस, नाकाला बाक, अंगाला गुरांचा वास." झालं! संध्याकाळपर्यंत अंगणात आमचा गुराखी, लोहार आणि तिघे कोळी दोरखंडाने बांधून उभे. लोहार म्हणाला, "साहेब, मी राजघराण्यातला आहे हे माझ्या बायकोला एकदा सांगा, फार उपकार होतील." आम्ही हसलो. मग गिल्बेरने माझ्या जवाच्या गंजी पेटवल्या आणि आमचं हसू थांबलं. संत मार्टिनच्या दिवसापर्यंत रुअरी मिळाला नाही तर घर पेटवणार म्हणून सांगून गेलाय. जाताना किनाऱ्यावर पहारा ठेवलाय, एक होडीसुद्धा सुटत नाही.

आता खरं सांगते. रुअरी आलाय. मी पहिलं पत्र लिहीत होते तेव्हाही तो आतल्या खोलीत होता, मांडीला जखम घेऊन. माझ्या खोटेपणाला तो आतून हसत होता आणि मी त्याला उशी फेकून मारली.

कुठे लपवलाय ते सांगणार नाही. तू त्याच्यामागे का लागलायस ते मात्र मला ठाऊक आहे. गादीवर हक्क सांगणारे तुला डझनभर आहेत, त्यांना तू हद्दपार केलंस, कुणाला मठात धाडलंस, दोघांना तर जमिनी देऊन गप्प केलंस. रुअरीला मात्र तुला आंधळाच करायचाय, कारण तुझा डावा डोळा मेलेला आहे हे जगात तीन माणसांना ठाऊक आहे. तुला, मला आणि त्याला.

आता चौथा कॉर्मक. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

त्या हिवाळ्यात तू सात वर्षांचा होतास. गोठलेल्या शेतात तुम्ही पोरं काठ्यांनी चेंडू खेळत होता. रुअरीची काठी फिरली आणि तुझ्या डोळ्यावर बसली. सूज उतरली तेव्हा डोळा होता तसाच दिसत होता, निळा, चांगला. मी बोट नेलं तर पापणी लवली नाही. दिवा नेला तर आतलं काळं बुबुळ होतं तेवढंच राहिलं. मी दार लावून घेतलं. तुम्हा दोघांना चुलीपुढे बसवलं आणि हे बाहेर जाणार नाही अशी शपथ घातली. रुअरी इतका रडला की त्याला उलटी झाली. माझा नवरा मेला, पण त्यालाही मी सांगितलं नाही.

मग मी तुला तयार केलं. चालता-चालता डावीकडून तुझ्यावर भाकरीचे तुकडे फेकायचे, सफरचंदं फेकायची. ऐकून ओळख म्हणायचे. पाऊल ऐक, श्वास ऐक. बोलणाऱ्याकडे मान सावकाश वळवायला शिकवलं. लोक अजून म्हणतात, आपला राजा विचार केल्याशिवाय कुणाकडे बघत नाही! जेवताना तुझी डावी बाजू कायम भिंतीला. भिंत नसेल तिथे मी. आणि रुअरी? तो तुझ्या पुढे-पुढे चालायचा आणि वाटेत दगड आला की मुद्दाम मोठ्याने शिव्या घालायचा, म्हणजे तुला कळावं. तुझ्या ताटातली चरबी तुला गिळवायची नाही, तीसुद्धा गपचूप खायचा, मी तुला रागवू नये म्हणून. मला काय दिसत नव्हतं?

स्कूनला तू शिळेवर बसलास तो दिवस आठव. शाहीर तुझ्या पूर्वजांची नावं घेत होता, सरदार तुला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होते. रुअरी पहिल्या रांगेत उभा होता. एक वाक्य बोलला असता, 'त्याच्या डाव्या डोळ्यापुढे बोट धरून बघा', तर तू खाली उतरला असतास आणि तो वर बसला असता. तो तुझ्या नावाने सगळ्यांत मोठ्याने ओरडला. मी तिथे होते. त्याचा घसा बसला होता.

आणि नदीच्या त्या उतारावर? तुझा गिल्बेर माझ्याच घरात, माझीच दारू पिऊन सांगत होता, "रुअरी मूर्ख सेनापती. राजाची डावी बाजू मोकळी होती, तिकडून यायचं सोडून त्याने सगळी माणसं उजवीकडून घातली." मी उठून बाहेर गेले. मला रडू आवरत नव्हतं, एवन. त्याने लढाई हरायचं पत्करलं.

त्याला आयर्लंडला जाऊ दे. किनाऱ्यावरचा पहारा काढ. एवढंच मागते.

मुरीन


अर्डव्हेग, सर्व संतांचा दिवस

एवन,

तुझं उत्तर पोचलं. चार ओळी. संत मार्टिनच्या दिवशी तू स्वतः येणार, राजाचा हक्काचा पाहुणचार घ्यायला, कारण रुअरीचा चेहरा ओळखणारं तुझ्यापाशी दुसरं कुणी उरलेलं नाही. बरोबर आहे. आपल्या माणसांवर तुझा विश्वास नाही म्हणून सगळे बाहेरचे भरलेस, आता त्यांना तुझा भाऊ कोण आणि माझा लोहार कोण हे कळत नाही.

'त्याला माझ्या स्वाधीन कर, त्याचा जीव घेणार नाही.' हे वाक्य मी कॉर्मककडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मुरीनबाई, कितीदा वाचलं तरी त्यात 'डोळे' हा शब्द येणार नाही." खरंच नाही आला. उतारावर तो उजवीकडून आला, त्याबद्दलही तू काही लिहिलं नाहीस. 'आजवर बोलला नाही म्हणून उद्या बोलणार नाही असं नाही,' एवढंच. भीती माणसाला अशी बोलायला लावते. मी तुला अंधारात भिणारं पोर म्हणून सांभाळलंय, तेव्हा मला तुझा राग येत नाही असं नाही, पण रागापेक्षा कीव जास्त येते. दोन्ही लिही कॉर्मक.

ये. तुझं घर आहे. कापायचे बैल बाजूला काढलेत, जव जळले तरी दारू आधीच गाळलेली होती. तुझी जागा तीच, चुलीच्या पश्चिमेला, डावीकडे भिंत. आणि भिंतीच्या अलीकडे मी उभी राहीन, लहानपणी राहायची तशी. तुझ्या परदेशी सरदारांपैकी कुणाला त्या बाजूला बसवू नकोस, मला ते चालणार नाही.

रुअरीला मी तुझ्या स्वाधीन करणार नाही. तुला हवा तर शोध. घर उघडं आहे, डोंगर उघडा आहे. सापडला तर तुझा.

माझी एकच अट. तुझी माणसं बरोबर लोखंडाच्या सळया आणतील, आणतातच. त्या माझ्या चुलीत तापवायच्या नाहीत. त्या चुलीवर तुम्हा दोघांचं दूध तापलंय. अंगणात काय करायचं ते करा, देव बघतोय. घरात नाही.

रुअरीला हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "माय, त्याला लिही, दालनात येताना उंबरा उंच झालाय. नवीन दगड बसवलाय. अडखळेल."

लिहिलं.

मुरीन


अर्डव्हेग, बर्फ पडायला लागलंय, संत अँड्र्यूच्या सणानंतर

एवन,

आता सांगायला हरकत नाही. सांगितलं नाही तर मी या हिवाळ्यात मरेन आणि ते पोटात घेऊन मरेन.

तू आलास त्या सकाळची आठवण कर. घोड्यावरून उतरलास, मला बघितलंस आणि म्हणालास, "माय, म्हातारी झालीस."

मी म्हटलं, "आणि तू काय लहान झालास?"

तू हसलास. मला वाटलं, आता हा विचारेल की रुअरी कुठाय, मी रडेन, हा माझ्या गळ्यात पडेल आणि सगळं मिटेल. मी किती खुळी! मागून गिल्बेर सळया घेऊन उतरला. लोहाराचा भाता त्याने अंगणात लावून घेतला. अट पाळलीस, घरात नाही लावला.

तुझी माणसं गोठ्यापासून डोंगरापर्यंत पसरली. कुत्री सोडली. देवळाची फरशी उचकटली तेव्हा कॉर्मक त्यांना लॅटिनमध्ये जे बोलला त्याचा अर्थ त्याने मला अजून सांगितलेला नाही. मग तू हुकूम सोडलास, घरातला प्रत्येक पुरुष दालनाच्या दारातून एकेक आत जाईल आणि मी प्रत्येकाचा चेहरा बघेन. बाहेर कुत्री, आत तू. रुअरी तेव्हा स्वयंपाकघरात होता, तोंडाला काजळी, डोक्याला फडकं. गिल्बेरची माणसं सकाळपासून त्याच्या हातचं खात होती.

तू दारात उभा राहिलास. मी तुझ्या डाव्या हाताला आले आणि तुझं कोपर धरलं. तू म्हणालास, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." गुराखी गेला, लोहार गेला, कोळी गेले. प्रत्येकाकडे तू सावकाश मान वळवून पाहिलंस, मी शिकवली होती तशी. आणि अख्ख्या बैलाच्या मांडीची परात डोक्यावर घेऊन रुअरी माझ्या पाठीमागून, तुझ्या डाव्या अंगाने आत शिरला.

गिल्बेर समोर उभा होता. त्याने पाहिलं. आचारी मांस नेतोय एवढंच त्याने पाहिलं. राजा दारात उभा राहून चेहरे तपासतोय, तिथे त्याने कशाला बोलायचं?

माझ्या घरातल्या प्रत्येकाने पाहिलं. एकानेही मान वळवली नाही. लोहार तर छताकडे बघून शिट्टी वाजवायला लागला, त्याला मी नंतर फटकावला.

आता भिंतीचं. कोसळलेली भिंत मी होती तिथे बांधलेली नाही, एवन. एक माणूस उभा राहील एवढी मागे सरकवलीय. तुझी जागा तीच आहे, डावीकडे भिंतही आहे, पण तुझ्या आणि तिच्या मध्ये मांस कापायचा पाट मावतो. त्या पाटाशी रुअरी उभा होता. त्याच्या आणि तुझ्या मध्ये मी. तू जेवत होतास तेवढा वेळ त्याच्या हातात वीतभर लांब सुरी होती आणि तुझा गळा त्याच्या हाताच्या अंतरावर होता. तुझ्या चिलखती सरदारांपैकी कुणीही पोचू शकलं नसतं.

दुसरी कुठलीही जागा त्याला वाचवू शकत नव्हती. सगळ्या राज्यात तुझी माणसं तुझ्या डाव्या हाताखेरीज सगळीकडे शोधत होती.

एकदा तुझा घास हातातच थांबला. मला वाटलं, संपलं. मी पाटाला धरलं. मग तू म्हणालास, "मीठ," आणि मी मीठ दिलं. तू पुन्हा जेवायला लागलास. दोनदा मांस मागून घेतलंस. गिल्बेर म्हणाला, "राजेसाहेबांची भूक आज चांगली आहे," तर तू म्हणालास, "घरचं आहे."

किनाऱ्यावरचे पहारेकरी बैलाच्या वासाने वर आले आणि प्यायला बसले, माझी दारू कडक असते. तू निघालास, सगळे तुला पोचवायला पुढच्या अंगणात आले. मागच्या बाजूने कोळ्यांनी होडी लोटली. आता तो आयर्लंडला आहे. पोचल्याची खूण काल मिळाली, म्हणून आज लिहितेय.

मी तुला आयुष्यात कधी फसवलं नव्हतं. जगाला तुझ्यासाठी फसवलं. ती बाजू माझ्या भरवशावर होती, आणि मी तीच वापरली. तू "आहेस ना?" विचारलंस आणि मी "आहे" म्हटलं, ते आठवलं की मला जेवण जात नाही. पण पुन्हा तसा दिवस आला तर मी पुन्हा तेच करीन. त्याचेही दोन डोळे मीच मोठे केलेत.

आता तुला माझं जे करायचं ते कर. गिल्बेरला पाठवायचा तर पाठव. मी दारातच आहे.

मुरीन

(राजे, माझ्या मनाचं एक वाक्य. बाईंनी हे सांगताना मला तीन वेळा थांबायला लावलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या कधी थांबत नाहीत. — कॉर्मक)


स्कून, नाताळच्या आधीचा आठवडा

माय,

हे मी स्वतः लिहितोय. हात वळत नाही, कॉर्मकला सांग हसू नकोस.

ताटात चरबी नव्हती.

माझ्या राजवाड्यात सहा आचारी आहेत. बायको आहे, खानसामा आहे, विष चाखणारा आहे. कुणालाही ठाऊक नाही की मला चरबी गिळवत नाही. राजाने पुढे आलेलं खावं, असं तूच शिकवलंस, म्हणून मी खातो. त्या दिवशी पहिला तुकडा आला, चारी बाजूंनी साफ केलेला. दुसरा आला, तसाच. माझा घास थांबला तो तेव्हा.

मग मी ऐकलं. तूच शिकवलंयस. पाटाशी उभा माणूस एका पायावर भार देत होता, मांडीला जखम असल्यासारखा. नाकातून श्वास घेताना त्याचं नाक वाजतं, लहानपणापासून वाजतं. तुझा श्वास तर मला ऐकूच येत नव्हता, तू तो कोंडून धरला होतास.

गिल्बेर समोर बसला होता. अंगणात भाता चालू होता, मला त्याचा आवाज येत होता. मला फक्त मान वळवायची होती.

वळवली असती तर तो दिसला असता. दिसला असता तर तो राजाला दिसला असता, आणि तीस माणसांसमोर राजाने जे करायचं ते मला करावं लागलं असतं. फेरहरच्या वेळी मी वळवली होती. अजून झोप लागत नाही. म्हणून मीठ मागितलं.

दोनदा मांस मागून घेतलं, कारण तो पुन्हा कधी माझं ताट वाढेल असं वाटलं नाही. किनाऱ्यावरची माणसं तुझ्या बैलाच्या वासाने आली नाहीत. मी बोलावून घेतली. तू दारूचं श्रेय घेऊ नकोस.

उंबऱ्यावर मी अडखळलो नाही. तू लिहिलं होतंस. तो निरोप कुणाचा, तेही तू लिहिलं होतंस.

त्याला कळव की परत येऊ नको. आला तर तो मला उजवीकडून दिसेल आणि मग मी काही करू शकणार नाही. मुलगा अजून लहान आहे, सरदार वाट बघत बसलेत, आणि मी भितो, माय. तू लिहिलंस ते खरं आहे. हे एवढं एकदाच लिहितो.

गंजी जाळल्याबद्दल जव पाठवतोय, गाड्या बर्फ वितळलं की निघतील. गिल्बेरला मी तुझ्याकडे पुन्हा पाठवणार नाही. पुढल्या संत मार्टिनच्या दिवशी मीच येईन, जगलो तर. तेव्हा तू माझ्या डाव्या हाताला उभी राहा.

आणि ती भिंत पुन्हा होती तिथे बांधून घे.

एवन